मुलांच्या मोबाइलचे कुलूप आणि त्याची किल्ली



गळिताच्या दिवसांत गट कार्यालयात येणारा सभासद पूर्वी दोनच गोष्टी विचारी : तोड कधी येणार आणि बिल कधी निघणार. अलीकडे त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. “साहेब, पोट्ट्याच्या मोबाइलले कुलूप लावाची काही सोय हाय का?” हा विषय शेतकी विभागाच्या कक्षेतला नाही हे खरे, परंतु तो इतक्या जणांनी आणि इतक्या काकुळतीने विचारला की, या अंकात त्याला जागा देणे आम्हांस भाग पडले.

विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांची घरे आज दोन ठिकाणी वाटली गेली आहेत. वडील गावी उसापाशी, आणि आई मुलांना घेऊन नागपूरला. शहराच्या दक्षिण अंगाला बेसा, पिपळा, घोगली, बेलतरोडी ही गावे आहेत. कालपरवापर्यंत जेथे वावरे होती तेथे आता फ्लॅट स्कीमा उभ्या आहेत, आणि शाळा व शिकवणी वर्ग जवळ पडतात म्हणून आपल्या काही सभासदांनी तेथे बिऱ्हाडे केली आहेत. २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाइलवर आला, तेव्हा या घरांतील मुलांच्या हाती पहिल्यांदा फोन गेला. पुढे शाळा उघडल्या. फोन मात्र परत आला नाही. वडील पन्नास-साठ किलोमीटरवर, आई कामात. मग रात्री अकरा वाजता पोरगा गोधडीत तोंड घालून काय पाहतो हे कोणी सांगावे?

हे आपल्याच घरचे दुखणे आहे असे समजू नये. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ या अहवालात २०२४ साली १४ ते १६ वर्षांच्या मुलांना मोबाइलबाबत विचारले होते. स्मार्टफोन वापरता येतो असे शंभरातील ८२ मुलांनी सांगितले. मागील आठवड्यात फोनवर अभ्यासाचे काही केले का, याला ५७ टक्के मुलांनी होय म्हटले. आणि समाजमाध्यमे पाहिली का, याला ७६ टक्क्यांनी. अभ्यासासाठी म्हणून घेतलेला फोन कोणत्या बाजूला झुकतो ते यावरून दिसते.

आता कुलपाकडे वळू.

मुलांच्या फोनवर किंवा संगणकावर पालकांना ताबा ठेवता यावा म्हणून जे सॉफ्टवेअर बनवतात त्याला पेरेंटल कंट्रोल म्हणतात. आपण त्याला पालक-नियंत्रण म्हणू. अमेरिकेत हा धंदा १९९० च्या दशकात, घरोघरी इंटरनेट पोहोचू लागले तेव्हा सुरू झाला. आज यात अनेक देशांतील कंपन्या आहेत. परंतु लांब कशाला जा? आपल्या महाराष्ट्रातील, मराठी माणसांनी उभी केलेली एक कंपनी हे काम करते, आणि तिची हकीकत सहकारातून वर आलेल्या आपल्या सभासदांनी ऐकण्यासारखी आहे.

क्विक हील हे नाव संगणकाच्या दुकानात पुष्कळांनी वाचले असेल. कैलास काटकर आणि संजय काटकर हे दोघे भाऊ. घराणे मूळ सातारा जिल्ह्यातले, वाढले पुण्यात. थोरल्या कैलासरावांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. कॅल्क्युलेटर दुरुस्त करायच्या दुकानात त्यांनी नोकरी धरली, आणि पुढे १९९० च्या सुमारास पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. धाकटा भाऊ मात्र संगणकच शिकला पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी फ्लॉपीतून संगणकांना व्हायरस लागत, म्हणजे उसाला तांबेरा लागावा तसे. गिऱ्हाइकांची यंत्रे वारंवार त्याच दुखण्याने दुकानात येऊ लागली, तेव्हा संजयरावांनी तो रोग काढणारे प्रोग्रॅम लिहिले. १९९५ च्या सुमारास त्यातूनच क्विक हील हे विक्रीचे उत्पादन तयार झाले. २००७ साली कंपनीनेही तेच नाव धारण केले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. अशी ही दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली कंपनी.

तिच्या टोटल सिक्युरिटी नावाच्या उत्पादनात व्हायरस रोखण्याबरोबरच पालक-नियंत्रणाचा एक भाग आहे. त्यात तीन तऱ्हेची बंधने घालता येतात. अश्लील, जुगार, हिंसा अशा वर्गातील संकेतस्थळे बंद करणे. ठरावीक प्रोग्रॅम, म्हणजे मुख्यतः खेळ, चालू न देणे. आणि मुलाने संगणक किती वाजेपासून किती वाजेपर्यंत वापरावा याचे वेळापत्रक बांधून देणे. बेसा येथे ज्यांच्या घरी शिकवणीसाठी लॅपटॉप घेतला आहे त्यांना याचा उपयोग आहे. मात्र यासाठी संगणकावर मुलाचे खाते वेगळे आणि पालकांचे वेगळे असावे लागते, आणि मालकीचे खाते पालकाचे असावे लागते. आम्ही ज्या घरी बसलो तेथे सगळा लॅपटॉप मुलाच्याच नावाने चालू होता. दुकानदाराने सॉफ्टवेअर टाकून दिले, पैसे घेतले, आणि पालक-नियंत्रणाचा भाग तसाच न उघडता पडून राहिला. बियाणे आणून कोठीत ठेवावे तसा हा प्रकार.

फोनवरची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्याकडील बहुतेक फोन अँड्रॉइड जातीचे. त्यांच्यासाठी गूगल कंपनीने २०१७ साली फॅमिली लिंक नावाचे ॲप काढले. त्याला पैसे पडत नाहीत. ज्यांच्या मुलांकडे ॲपलचा आयफोन आहे त्यांच्यासाठी २०१८ पासून फोनमध्येच स्क्रीन टाइम नावाची सोय आहे. फॅमिली लिंकमध्ये वडिलांच्या फोनवरून मुलाच्या फोनला रोजची मर्यादा घालता येते, रात्री ठरलेल्या वेळी तो बंद करता येतो, आणि मुलाने नवे ॲप उतरवायला घेतले की परवानगीचा निरोप वडिलांकडे येतो. फोन कोठे आहे हेही दिसते. म्हणजे वडील गावी धुऱ्यावर उभे आणि मुलगा बेशात, तरी दहा वाजता फोन निजवता येतो. ज्यांची घरे दोन ठिकाणी आहेत त्यांना याच कारणाने ही सोय विशेष उपयोगाची आहे असे आमचे मत आहे.

हे सॉफ्टवेअर आत काय करते, हे ठाऊक नसल्यामुळे काही जण त्याच्याकडून नाही त्या अपेक्षा करतात, म्हणून थोडे खोलात जातो.

कालव्याच्या वितरिकेवर दार असते. पाणी कोणत्या चारीला सोडायचे ते तेथे ठरते. मुलाच्या फोनमधून इंटरनेटकडे जाणारी प्रत्येक मागणी अशाच एका दारातून जाते. तेथे सॉफ्टवेअरजवळ लाखो संकेतस्थळांची वर्गवारी केलेली यादी असते. मागणी ज्या पत्त्याची आहे तो पत्ता यादीत वाईट वर्गात सापडला तर दार खाली. परंतु आज इंटरनेटवरची बहुतेक ये-जा बंद लखोट्यातून चालते. दारावरच्या माणसाला लखोट्यावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. त्यामुळे संकेतस्थळ बंद करणे सोपे. पण एखाद्या मोठ्या ॲपच्या पोटात चांगले आणि वाईट शेजारी शेजारी नांदत असेल तर बाहेरच्या दाराला ते निवडता येत नाही. छोट्या व्हिडिओंच्या ॲपचे असेच आहे. एकतर ते पुरते बंद करा, नाहीतर अर्धा तास द्या. मधले निवडून देणे त्या ॲपच्याच मालकाच्या हाती. यूट्यूबसारख्या काही ठिकाणी मालकानेच मुलांच्या वयाप्रमाणे गाळणी ठेवली आहे, ती लावावी. बाकी ठिकाणी तुरीच्या शेंगेतून किडका दाणा बाहेरून ओळखायला सांगण्यापैकी आहे.

या याद्यांचे आणखी एक उणे आहे. त्या बनवणाऱ्यांचे लक्ष मुख्यतः इंग्रजीकडे. इंग्रजीतला आचरटपणा जितका पकडला जातो तितका मराठी-हिंदीतला पकडला जाईलच, असे धरून चालू नये.

दुसरा प्रकार म्हणजे फोनच्या पडद्यावर आता कोणते ॲप उघडे आहे हे पाहून ते झाकणे. अँड्रॉइडमध्ये काही कंपन्या यासाठी जी परवानगी मागतात ती मुळात अंध-अपंगांना फोन वापरता यावा म्हणून ठेवलेली आहे. ती दिली की त्या ॲपला पडद्यावरचे सारे वाचता येते. परवानगी फार मोठी आहे, तेव्हा ती कोणाला देतो हे पाहूनच द्यावी. यासंबंधी पुढे येतेच.

फोन बनवणाराच नियंत्रणाचे ॲप देऊ लागला तेव्हा बाहेरच्या कंपन्यांचे काय झाले, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले की, सर्वांत जास्त खपाच्या १७ पालक-नियंत्रण ॲपपैकी ११ ॲप ॲपल कंपनीने आपल्या दुकानातून काढली किंवा त्यांचे हातपाय बांधले. ॲपलचे म्हणणे असे की, ही ॲप फोनचा नको तितका ताबा घेतात व त्यामुळे मुलांची खासगी माहिती धोक्यात येते. त्या कंपन्यांचे म्हणणे असे की, तुम्ही स्वतःचे स्क्रीन टाइम काढले आणि आता आम्हाला हाकलता. त्यांच्यापैकी दोघींनी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, आणि जूनमध्ये ॲपलने नियम काहीसा सैल केला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असे आम्हास वाटते. परंतु दुसऱ्याच्या आवारात दुकान मांडणाऱ्याची अवस्था कशी असते, हे आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. स्वतःचा काटा आणि स्वतःचा कारखाना का लागतो, याच कारणासाठी तर आपल्या वडीलधाऱ्यांनी भागभांडवल गोळा केले.

किल्ली कोणाकडे?

आता मुख्य मुद्दा. बेशातल्या ज्या ज्या घरी आम्ही गेलो त्या बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट निघाली, आणि ती निघाल्यावर घरातल्यांनाच हसू आले. आम्ही म्हणायचो, “दादा, तुमच्या फोनवर तुमचे जीमेल खाते उघडा.” दादा म्हणायचे, “थांबा, पोराले बोलावतो.” वडिलांचे खाते मुलानेच काढून दिलेले. पासवर्ड त्याचाच ठेवलेला. विसरल्यास ज्या नंबरवर संकेत यायचा तो नंबरही त्याचाच. पालक-नियंत्रणाचे सारे सॉफ्टवेअर पालकाच्या खात्यावर उभे असते. ते खातेच मुलाच्या मुठीत असेल तर रात्री दहाला बंद झालेला फोन पाच मिनिटांनी कसा उघडतो याचे नवल कशाला? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण आपल्या लेकरांना लावणे बरे दिसत नाही, पण व्यवस्था तीच आहे.

तसेच मुलाच्या खात्याचे. खाते उघडताना जन्मतारीख विचारतात. आपल्याकडे तेरा वर्षांखालील मुलाला पालकाशिवाय गूगलचे खाते मिळत नाही. म्हणून मुले २००० किंवा १९९८ साल टाकून मोकळी होतात. कागदोपत्री तो मुलगा पंचविशीचा बाप्या झालेला असतो. मग लहान मुलांसाठीच्या साऱ्या गाळण्या त्याला लागूच होत नाहीत, आणि जाहिराती मोठ्या माणसाच्या येतात. ऊस-नोंदीत लागणीची तारीख चुकवली तर तोडणीचा सगळा क्रम बिघडतो. तसाच हा प्रकार. कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी, किंवा फुकटचे उतरवण्याआधी, मुलाचे खाते खऱ्या जन्मतारखेचे आणि पालकाचे खाते पालकाच्याच पासवर्डचे, ही दोन कामे करावीत. आमच्या मते अर्धे कुलूप येथेच लागते.

आणि जेथे घरात एकच फोन आहे, आई, दोन मुले आणि आजोबा तोच वापरतात, तेथे या सॉफ्टवेअरचा फारसा उपयोग नाही. ते मुलाच्या खात्यावर व मुलाच्या फोनवर चालते. आईच्या फोनवर मूल खेळत असेल तर त्याच्या लेखी ती आईच. अशा घरी फोन देण्याघेण्याची वेळ तोंडानेच ठरवावी लागेल. पोट्टे काय काय युक्त्या करतात त्याही ऐकून घ्या : मित्राच्या फोनवरून हॉटस्पॉट, जुना पडलेला फोन वायफायला जोडणे, दुसरे खाते काढणे, फोन मुळापासून कोरा करणे. शेजारच्या फ्लॅटमधला मित्र आणि त्याचा मोकळा फोन याला जगातल्या कोणत्याही कंपनीकडे इलाज नाही.

कुंपणच शेत खाते तेव्हा

काही पालक, विशेषतः मुलींचे पालक, याच्या पुढे जातात. मुलाला न कळता त्याचे निरोप वाचता यावेत, फोटो पाहता यावेत, बोलणे ऐकता यावे अशी ॲप बाजारात आहेत, आणि तीही पालक-नियंत्रण या नावाखालीच विकली जातात. याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. ती घेऊ नयेत.

कारण एक व्यवहाराचे आहे. लेकराची सगळी माहिती त्या कंपनीकडे जमा होते, आणि ती कंपनी ती कशी सांभाळते हे आपल्याला दिसत नाही. टीनसेफ नावाच्या अमेरिकन कंपनीचे २०१८ च्या मे महिन्यात काय झाले पाहा. मुलांच्या फोनवर नजर ठेवण्याचे ॲप ती विकत असे. तिचे माहितीसाठ्याचे दोन संगणक कोणतेही कुलूप न लावता इंटरनेटवर उघडे सापडले. हजारो मुलांचे ॲपलचे खाते-पत्ते आणि पासवर्ड तेथे उघड्या अक्षरांत पडलेले होते. त्यातही कहर असा की, हे ॲप चालण्यासाठी मुलाच्या खात्याची दुहेरी पडताळणी बंद करावी लागे. म्हणजे पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याला वाट मोकळी. राखणीला ठेवलेल्या माणसाने फाटक उघडे टाकून निघून जावे, तसेच हे झाले.

लाइफ३६० हे कुटुंबातील माणसे कोठे आहेत हे दाखवणारे ॲप; जगभर कोट्यवधी लोक वापरतात. ही कंपनी त्या ठावठिकाण्याची माहिती दलालांना विकते, असे डिसेंबर २०२१ मध्ये मार्कअप या अमेरिकन वृत्तसंस्थेने उघड केले. त्यानंतर, २०२२ च्या सुरुवातीला, अचूक ठावठिकाणा विकणे थांबवीत असल्याचे कंपनीने सांगितले. आपण मुलगी सुखरूप घरी पोहोचली का हे पाहावे म्हणून ॲप टाकावे, आणि तिच्या जाण्यायेण्याचा बाजार मांडला जावा!

दुसरे कारण घरातले आहे. चोरून वाचलेले कधी ना कधी कळतेच, आणि कळले की मूल आपल्याला सांगणे बंद करते. एखाद्या परक्या माणसाने तिला फोटो मागितला, धमकी दिली, तर ती आईकडे येईल की नाही, यावर खरा धोका टळणे अवलंबून आहे. फॅमिली लिंकमध्ये निरोप वाचता येत नाहीत, आणि देखरेख चालू आहे हे मुलाला त्याच्या फोनवर दिसते. काही पालक हे त्याचे उणे मानतात. आम्ही ते बरोबर मानतो. कुलूप दिसेल असे लावावे. भिंतीला कान लावून बसू नये.

सॉफ्टवेअरशिवाय काही होत नाही असेही नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. आपल्यासारखाच उसाचा मुलूख. २०२२ साली या गावाने ठरवले की, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद, आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यासाला. सरपंच विजय मोहिते आणि गावातील शिक्षक व इतर मंडळींनी घरोघरी फिरून ते बसवले. या बेताचा गुण असा की, त्यात बापाचाही फोन बंद राहतो. आपल्या विदर्भात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रामसभेत ठराव केला, की अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरायचाच नाही. दोन्ही गावांचा हेतू एकच. पण सरसकट बंदीपेक्षा दीड तासाचा भोंगा पाळायला सोपा, असे आम्हास वाटते. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवायलाच कायद्याने मनाई केली आहे, आणि ती पाळण्याची जबाबदारी पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकली आहे.

आपल्या देशातही कायदा झाला आहे. ऑगस्ट २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक धरले आहे. त्याची माहिती घेण्याआधी कंपनीने पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत असे त्यात म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. परंतु संमतीविषयीचा भाग लागू होण्यास त्यानंतर दीड वर्षाची मुदत ठेवलेली आहे. ती संमती कोणाच्या खात्यावरून दिली जाणार? पालकाच्या. आणि ते खाते मुलानेच काढलेले असेल तर कायदाही पुन्हा त्याच किल्लीपाशी येऊन अडतो.

शेवटी उसाच्या बिलाचे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावयाची असते, आणि ती आता बँक खात्यात जमा होते. त्या खात्याला जो मोबाइल जोडलेला आहे तोच संध्याकाळी पोराच्या हाती खेळायला असतो. वर्षभराच्या घामाचे पैसे आणि खेळातली बंदूक-पोशाखांची दुकाने एकाच यंत्रात, एकमेकांपासून बोटभर अंतरावर! पैसे लावून खेळायच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली. पण साध्या खेळातल्या वस्तू विकत घेण्यावर बंदी नाही. मुलाला यूपीआयचा पिन सांगून किराणा आणायला पाठवण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मोडावी. खातेदाराने स्वतःहून पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान खातेदाराचेच, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. तेथे पोरगा घरचा की बाहेरचा हे पाहिले जात नाही. ॲपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जावा अशी सोय आहे, ती चालू करावी. शक्य असेल त्यांनी बँकेचा नंबर साध्या बटणांच्या फोनात ठेवावा. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवावे; पैसा पुढे सरकण्याआधी अडवता आला तरच परत मिळण्याची आशा असते.

ज्या सभासदांना फॅमिली लिंक लावून हवे आहे त्यांनी आपापल्या गट कार्यालयात, काट्यावरची गर्दी ओसरल्यावर दुपारी, आपला फोन व मुलाचा फोन दोन्ही घेऊन यावे. मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे. त्यांच्यादेखत लावले जाईल, त्यांच्या मागे नाही. बेसा येथे राहणाऱ्या कुटुंबांनी सुटीत गावी येतील तेव्हा आले तरी चालेल. संगणक विभागाचा कर्मचारी पायऱ्या दाखवील. पण पासवर्ड सभासदाने स्वतःच्या बोटाने टाकावा, आणि तो त्या कर्मचाऱ्यालासुद्धा सांगू नये.